नकाशातून काढलेलं वळण

ताई, तुमचा लॅपटॉप माह्याजवळ हाये. तुमच्या लहान्या बहिनीनं, छायाताईनं, आनून देल्ला, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हने, वैशाली, यातलं आम्हाले काहीच समजत नाई, तू तिच्यासंग काम करत होती, तूच ठेव. आन जाता जाता म्हनल्या का ताईच्या आठवनीचं एक लहानसं पुस्तक काढून राह्यलो, त्यात तू बी लिहून दे. मी म्हनलं मी काय लिहू, मी दहावी नापास. त्या म्हनल्या, बोलते तसं लिही. तं तसंच लिहून राह्यली. तुमचं शिक्षन किती, तुम्ही कुठी कुठी नोकरी केली, ते बाकीचे लिहितीन, त्यायले माहीत हाये. मले जे माहीत हाये ते कोनालेच माहीत नाई, तुम्हाले बी नाई, म्हनून मले तुमच्याशीच बोला लागते.

लॅपटॉप उघडला तं पह्यले मेलच दिसला. पुन्याच्या कॉन्फरन्सवाल्यायचा. इंग्रजीत होता, मी फोनात टाकून मराठी करून पाह्यलं. मॅडम गेल्या, फार दुःख झालं, असं लिहून हाये, आन खाली विचारलं हाये का मॅडमचा पेपर कार्यक्रमातून काढून टाकायचा का दुसरं नाव ज्यायचं हाये ते येऊन सांगतीन, सोमवारपर्यंत कळवा. मी म्हनलं दुसरं नाव कोनाचं हाये बा. वर पाह्यलं. पह्यलं नाव तुमचं, आन त्याच्या खाली माह्यं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, अख्खं. ताई, मले काऊन नाई सांगतलं तुम्ही? माही पोरगी परी कडेवर होती, मी तशीच तिले घेऊन खाली बसली.

दुसरी कोनी असती तं खुश झाली असती. मले नाई होता आलं. कारन त्या पेपरात एक गोष्ट खोटी हाये. तुम्ही नाई खोटं लिहिलं, तुम्हाले ते खरंच वाटत होतं. खोटं मी बोलली होती, दोन वर्सांपह्यले, माह्याच घराच्या ओसरीत, तुमच्या तोंडाकडं पाहून. आन त्याच्यावर तुम्ही नियम बनवला, आन तो नियम आता पुन्यात सगळ्यायले सांगायचा, का बा तुम्ही बी तुमच्या गावचे रस्ते असेच साफ करा. आन सांगनाऱ्याचं नाव, माह्यं.

तुम्ही आमच्या गावात आल्या तवा परी पाच महिन्याची होती. आंजीच्या पल्याड आमचं गाव, तिथवर तुम्ही स्कुटीवर आल्या, टोपी घालून, पाठीवर बॅग. बायायले बोलावलं आन सांगतलं का पांदनीचा नकाशा काढायचा हाये. वावरात जायचा बैलबंडीचा रस्ता, त्याचा बी नकाशा असते का, असं म्हनून बाया हासल्या. तुम्ही म्हनल्या, नाई ना, म्हनूनच काढायचा. कोनी इकडून दाबते, कोनी तिकडून दाबते, मंग भांडनं होते आन कागद कोनाजवळच नसते. मंग एक मानूस म्हने, मॅडम, हे काम आम्हाले द्या, आमच्यापाशी मोटरसायकल हाये, एका दिवसात करून टाकतो. तुम्ही म्हनल्या, "दादा, मोटरसायकल जाते तिथंच जाते. मले चालनारं मानूस पाह्यजे."

मंग तुम्ही घरोघर आल्या. आमच्या ओसरीत परीले पाहून विचारलं, "किती महिन्याचं?"

"पाच."

"मंग तुले कसं जमन वं? उन्हात लेकरू नेलेलं मले चालनार नाई. हे एकच सांगून ठेवतो. काही झालं त्या लेकराले तं मी पाहू नाई शकनार."

मी म्हनलं, "सासू राह्यते ना ताई घरी. तिच्यापाशी ठेवतो."

माही सासू तिथंच उभी होती, हातात विळा, डोक्याले रुमाल, निंदनाले चालली होती. तिनं माह्याकडं पाह्यलं आन एक शब्द बोलली नाई. तुम्ही गेल्यावर म्हने, "मी कवाची घरी राह्यते वं? दिवसभर आरशात पाहत बसते का मी?"

काऊन बोलली मी तसं, हे तुम्हाले कधी सांगता आलं नाई. बाळंतपनापासून मले साऱ्या गोष्टीचं भेव वाटे. लेकरू झोपलं का त्याच्या नाकापाशी बोट नेऊन पाहो, श्वास हाये का नाई. दिवसातून कितीक खेपा. घरात एकटी बसली का छातीत धडधड होये. तुम्ही म्हनल्या चालाचं काम हाये, तं मले वाटलं चालली तं हे जाईन. पन परीले कोनापाशी ठेवाची हिंमत नोयती, सासूपाशी बी नाई, ती रिकामी असती तरी नाई. मंग काय करता, काम बी पाह्यजे आन लेकरू बी संग पाह्यजे. तोंडातून निघून गेलं.

तुम्ही शिकवलं ते सोपं होतं. फोनात ॲप चालू कराचं, पांदनीच्या मधोमध चालाचं, दर पाच सेकंदाले एक ठिपका पडते, ठिपके जुळले का रेघ होते. "फोन बंद कराचा नाई," तुम्ही निवडलेल्या आम्हा चारही बायायले बजावलं, "बंद केला का रेघ तुटते." मी नाल्याकडच्या पांदनी मागून घेतल्या. तुम्ही म्हनल्या तिकडं चिखल हाये, मी म्हनलं चालन. चिखलाचं काय, मले तिथली झाडं पाह्यजे होती. परीले लुगड्याच्या झोळीत बांधो आन निघो. ती रडली का निंब पाहो, चिंच पाहो, खाली बसो, पाजो. पंधरा मिनिटं, कधी वीस. फोन बंद नाई केला मी, तुम्ही सांगतलं होतं ना. मी एका जागी बसली तरी फोन काही एका जागी राह्यत नाई, तो आपला इकडं एक ठिपका टाक, तिकडं एक टाक, असं करत राह्यते. तं जिथं जिथं मी बसली तिथं तिथं तुमच्या नकाशात ठिपक्यायची गाठ पडली, दोऱ्याची पडते तशी.

वर्ध्याच्या तुमच्या ऑफिसात पह्यल्या खेपेले ते पाह्यलं तवा मी घामाघूम झाली. दोन खोल्यायचं ऑफिस, खिळ्याखिळ्याले कॉन्फरन्सच्या थैल्या, देहरादूनची, पुन्याची, बंगलोरची, एकीत बॅटऱ्या, एकीत तुमच्या घरचे वाटाने. तुम्ही पडद्यावर माही रेघ मोठी करून विचारलं, "या गाठी कशाच्या वं?"

"मले काय माहीत ताई. फोनच तसा हाये."

तुम्ही बोट लावून लावून पाह्यलं. रेघीखाली आभाळातून काढलेला फोटो होता, त्यात झाडं दिसे. "सगळ्या झाडाखालीच हाये," तुम्ही म्हनल्या. मी म्हनलं आता झालं. आन तुम्ही एकदम टाळी वाजवली. "समजलं! पानाआड फोनले आभाळ दिसत नाई, सिग्नल भटकते. वैशाली, तुह्या पांदनीवर झाडी जास्त, म्हनून तुह्याच रेघीत गाठी." इतक्या खुश झाल्या तुम्ही. चहा मांडला, त्यात आलं टाकलं, मले खुर्चीवर बसवून सांगतलं का हे कसं होते. खरंच होते बी म्हने तसं थोडंफार. मी मान हालवत राह्यली. तुमचा आनंद पाहून बोलवलं नाई, असं मी मनाले सांगत होती. पन ताई, आनंदाचं नाव पुढं करून राह्यली मी, खरी गोष्ट म्हनजे मले भेव वाटलं.

मंग तुम्ही नियम बनवला. झाडाच्या आजूबाजूले रेघ वाकडी झाली असन तं ती चूक समजायची आन सरळ करून टाकायची. लॅपटॉप आपोआप करे. गाठी गेल्या, रेघा कशा सुतासारख्या सरळ.

हैद्राबादच्या कॉन्फरन्सले तुम्ही मले नेलं ते बी हाच नियम सांगाले. मी नाई म्हनत होती. तुम्ही म्हनल्या, "मी दर वर्षी जातो आन एकटीच बोलून येतो. जे चालले ते कोनाले दिसत नाई. तू नुसती बस तिथं." मी म्हनलं परी अंगावर पिते. "मंग तिले बी आन. उन्हात नको म्हनलं होतं, एसीत नको नाई म्हनलं." सेवाग्रामवरून गाडी धरली, तुम्ही अख्खा रस्ता परीले मांडीवर घेतलं आन ती तुमचा चष्मा ओढत राह्यली.

तिथं दारावर कोट घातलेली पोरगी होती, गळ्यात टाकाले नावाच्या पाट्या देत होती. तिनं परीकडं पाहून विचारलं, "मैम, बेबी भी?" तुम्ही म्हनल्या, "हाँ, सबसे ज़्यादा फील्डवर्क तो इसी ने किया है." सारे हासले. मी तुमच्या तोंडाकडं पाह्यलं, तुम्ही बी हासत होत्या. त्या पोरीनं खरंच परीले एक कोरी पाटी देली, तुम्ही पेनानं तिचं नाव लिहिलं, आन परीनं दिवसभर ती चघळली.

काय थंडी होती त्या हॉलात! तुमची शाल परीले, माह्या दातावर दात. बाहेर टेबलं मांडले होते, एकावर ड्रोन, एकावर असं यंत्र का हात लावाले भेव वाटे. एक जन पडद्यावर गावं दाखवत होता, वरून, इतकं साफ का छपरावरची टाकी दिसे. मले पाहून म्हने, बताइए, आपका गाँव दिखाऊँ? दाखवलं. मी म्हनलं, भैया, पांदन दिखाओ. त्याले समजेना. तुम्ही सांगतलं. त्यानं मोठं केलं, आनखी मोठं केलं, म्हने, "यहाँ कोई रोड नहीं है, खेत है." मी म्हनलं, "है ना भैया. पेड़ के नीचे से जाता है. ऊपर से कैसे दिखेगा? चलना पड़ेगा." आन तुम्ही ते दिवसभर ज्याले त्याले सांगत राह्यल्या. जेवनाच्या लाइनीत, मोठमोठ्या लोकायले. "हमारी वैशाली ने क्या बोला, मालूम?" मले लाज बी वाटे आन आतून बरं बी वाटे. तोवर माह्याबद्दल कोनी असं कोनाले सांगतलं नोयतं.

तुमचं भाषन दुपारी होतं. मी शेवटच्या खुर्चीवर बसली. पाच मिनिटं झाले नाई का परीनं भोकाड पसरलं. बाहेर आली, तं पाजाले जागाच नाई, जिकडं तिकडं कोटवाले. मोठ्ठे बोर्ड उभे केले होते कागद लावाले, त्यायच्या मागं खाली बसली. हॉलाचं दार उघडं होतं, तुमचा आवाज येत होता. तुम्ही गाठीयचं सांगत होत्या. मंग एका मानसानं विचारलं, "मैडम, ये गाँठें एक ही वॉकर के डेटा में क्यों हैं?" तुम्ही म्हनल्या, "क्योंकि पेड़ उसी के रास्तों पर हैं. वो मेरी सबसे भरोसेमंद वॉकर है." टाळ्या वाजल्या. मी बोर्डाच्या मागं परीले पाजत बसली होती, आन त्या वेळी फोन चालू असता तं तिथं बी गाठ पडली असती.

उठून सांगाचं होतं ताई. गाडीत सांगाचं होतं. वर्ध्याले उतरल्यावर सांगाचं होतं. तुम्ही भरोसेमंद म्हनलं ना, मंग तं मुळीच नाई सांगता आलं.

तरी बी मी समजत होती का यात कोनाचं काय बिघडलं. गाठी तशाबी काढायच्याच होत्या, कारन कोनतं का असेना. मंग ग्रामपंचायतीत नकाशा लागला. मोठा, रंगीत, भिंतीवर. लोक येऊन आपलं वावर शोधे. पंधरा दिवसानं कौसल्याबाई माह्या दारात आली. तिचं वावर नाल्याकडच्या पांदनीले लागून हाये, कोपऱ्यावर बुजलेली विहीर, त्याच्यावर निंब. पांदन त्या विहिरीले वळसा घालून जाते, तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून जाते. ती म्हने, "चाल, तुह्या नकाशानं काय केलं ते पाह्य."

बाजूच्या वावरवाल्यानं सरळ तिच्या तुरीतून ट्रॅक्टर घातला होता. दोन चाकोऱ्या, फुलावर आलेली तूर लोळवून. तिनं विचारलं तं तो म्हने, बाई, पंचायतीत जाऊन पाह्य, नकाशात रस्ता इथूनच हाये, मी काय करू. आन नकाशात होताच तो. वळण गेलं होतं. निंबाजवळ रेघ वाकडी दिसली, लॅपटॉपनं सरळ करून टाकली, तुरीतून.

कौसल्याबाई कमरेवर हात ठेवून म्हने, "तू चालली होती ना इथून? मी पाह्यलं तुले, लेकरू बांधून. मंग आता मी काय विहीर सरकवू का तुह्या नकाशासाठी?"

त्याच दिवशी मी तुमच्याकडं आली, आठवते? ते आपलं एकच भांडन. मी म्हनलं ताई, ते वळण खरं हाये. तुम्ही म्हनल्या, "तुह्या सगळ्याच रेघा झाडाखाली वाकड्या हाये. यातली कोनती खरी, कोनती खोटी, हे मी कशावरून ठरवू?"

"मी सांगतो ना."

"तू सांगते म्हनून एक ठेवलं, उद्या दुसरा येईन, म्हनन माह्यं बी ठेवा. मंग तो नकाशा नाई राह्यत वैशाली, ज्याची ओळख त्याची रेघ होते. नियम सगळ्यायले एक."

"पन ताई, नियमच..." इतकं म्हनून मी थांबली. तुम्ही चष्मा काढून माह्याकडं पाह्यलं. "नियमाचं काय?" मी म्हनलं, "काही नाई." तुम्हाले राग आला होता. मले बी आला होता, पन माहा राग माह्यावरच होता. तुम्ही म्हनल्या पुढच्या हप्त्यात मी सोता येऊन पाहीन. आन मंग तुम्हाले ताप आला, तो उतरलाच नाई.

दवाखान्यात मी आलती ताई. दोनदा. लेकरू आत नेऊ देत नोयते, आन परी दुसऱ्या कोनाकडं जात नोयती. मी गेटपासून परत गेली. तिसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. आवाज किती बारीक झाला होता. म्हनल्या, "त्या विहिरीजवळच्या वळणाचं तू काय म्हनत होती? नियमाचं काय म्हनत होती?" तुम्ही तिथं, सलाईन लागलेली, आन तुमच्या मनात ते वळण. मी म्हनलं, "काही नाई ताई. तुम्ही बऱ्या व्हा, मंग सांगतो." तुम्ही म्हनल्या, "सांगजो बरं. विसरू नको."

एवढंच. त्याच्यानंतर छायाताईचाच फोन आला.

लॅपटॉप हाती आल्यावर मी दोन दिवस त्यात शोधलं. कुठी तरी लिहून असन का तुम्हाले माहीत होतं. हैद्राबादच्या दारावर तुम्ही जे म्हनलं, ते मजाक होती का काही समजून म्हनलं होतं, हे मी कितीदा मनात घोळवलं. माह्या नावाची फाइल उघडली, त्यात नुसत्या रेघा. तुमच्या वहीचे फोटो होते, त्यात कामाचंच होतं. नाई सापडलं काही. तुम्हाले माहीत होतं आन तुम्ही माफ केलं, असं समजून घेतलं तं मले बरं वाटन, पन तसं समजाले माह्याजवळ काहीच नाई. मी बी मंग तो शोध बंद केला.

पन शोधता शोधता जुन्या फायली सापडल्या, साफ कराच्या पह्यलेच्या, तुम्ही काहीच फेकत नोयत्या ना. त्यात दर ठिपक्यापाशी वेळ लिहून राह्यते. तुम्हीच शिकवलं होतं वेळ कशी पाहाची. मी एक गाठ उघडली, चिंचेखालची. सतरा मिनिटं, सारे ठिपके एकाच जागी. दुसरी उघडली, वीस मिनिटं. मंग विहिरीजवळचं वळण उघडलं. तिथं एक मिनिट बी नाई थांबली मी, ठिपके एकामागं एक पुढं चालले. म्हनजे ताई, बसली ते वेगळं आन वळली ते वेगळं, घड्याळात साफ दिसते. झाडाकडं पाहाची गरजच नोयती. वेळ पाहाची होती. मी बसत होती हे तुम्हाले माहीत असतं तं तुम्ही पाच मिनिटात हे काढलं असतं. तुम्हाले माहीतच नोयतं, तं तुम्ही कशाले पाहान.

मंग मी बाकीच्या बायायच्या रेघा उघडल्या. त्यायची बी वळणं गेली हाये, झाडाजवळची, तीन जागी. त्या तं कुठी बसल्या बी नोयत्या. आन हा नियम पुन्यात सांगतला तं आनखी कोनाकोनाच्या तुरीतून रेघ जाईन, ते मले माहीत बी नाई होनार.

काल सकाळी मी परत गेली त्या पांदनीवर. कौसल्याबाई संग होती. परी आता चालते, एक हात तिनं धरला, एक मी. फोन चालू केला, विहिरीचा वळसा घेतला. निंबाखाली परी बसून गेली, उठेचना. मी म्हनलं बस, फोन चालूच राहू दे, दिसू दे घड्याळात. कौसल्याबाईले सारं सांगतलं. ती म्हने, "एवढ्याशासाठी दोन वर्सं चूप होती? अवं, लेकराले पाजलं म्हनून कोन हाकलन?" मी म्हनलं, पाजलं म्हनून नाई हाकललं असतं. खोटं बोलली म्हनून हाकललं असतं. ती म्हने, "हे बी खरं हाये."

घरी येऊन सासूले सांगतलं का मी पुन्याले जातो आन तिथं हे सांगतो. तिले नाई पटलं. तांदूळ निवडता निवडता म्हने, "ती बाई गेली. तिचं एवढं नाव. चार लोकात तिची चूक काढते का आता?"

"तिची नाई आई. माही चूक हाये."

"लोकायले तं तिचीच दिसन. नियम तिचा."

"म्हनूनच मले जा लागते. मी नाई सांगतलं तं कधी ना कधी कोनी तरी ते वळण दाखवन आन म्हनन, या बाईले काम येत नोयतं. मंग तिच्याकडून बोलाले कोन राहीन?"

तिनं हातातले तांदूळ सुपात टाकले. मंग सूप बाजूले ठेवलं. म्हने, "मंग माह्यं बी सांगजो. मी बी तिथंच उभी होती विळा घेऊन. मी बी चूप राह्यली." आन थोड्या वेळानं, "परीले कोन पाहीन तिथं? मी येतो संग. मले बी पाहू दे तुमचं ते काय असते ते. पन मले खुर्चीवर झोप लागते हो, आधीच सांगून ठेवतो."

आज सोमवार. मेल मले लिहिता नाई आला, म्हनून त्यात नंबर होता त्यावर फोन लावला. पलीकडून एक मानूस म्हने, जी, कौन? मी म्हनलं, दूसरा नाम मेरा है. तो म्हने, अच्छा, तो आप प्रेज़ेंट करेंगी? मी म्हनलं हाँ. स्लाइड वही रहेंगी? मी म्हनलं, "नहीं. बदलना पड़ेगा. वो पेड़वाला नियम गलत है." तो म्हने, "मैडम का नियम?" मी म्हनलं, "हाँ. पर मैडम की गलती नहीं है, मेरी है. मैं वहाँ आके बताऊँगी." तो म्हने, देखिए, चाहें तो पेपर वापस ले सकते हैं, कोई बुरा नहीं मानेगा. चांगला मानूस होता. मी म्हनलं, नहीं भैया, नाम रहने दो, दोनों.

फोन ठेवला. आता बी भेव वाटतेच ताई, ते काही गेलं नाई. ग्रामपंचायतीत नवीन रेघ देऊन आली, भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला त्यायनं, कौसल्याबाईनं उभं राहून उतरवून घेतला. बाकीची तीन वळणं बाकी हाये, ती जायच्या आधी चालून होतीन. हिंदीत काय बोलाचं ते कागदावर लिहिलं हाये, सासूसमोर म्हनून पाहातो, पह्यल्या वाक्यालेच आवाज बसते.

तुम्हाले सांगाले मले कागद बी नोयता लागत. तुम्ही फोन केला होता, सोता विचारलं होतं, मी एकटी होती, परी बी झोपली होती. तवा एका बाईले सांगता नाई आलं मले. म्हनून आता हॉलभर लोकायले सांगा लागते.